कोठडीतून निघालेला कागद

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्या घराघरांतून वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. जमिनीचा वाद, बांधाचा तंटा, भावाभावांतील वाटणी यांपायी ज्यांचे उभे आयुष्य कचेरीच्या फेऱ्यांत गेले, त्यांच्या अनुभवातूनच ही म्हण जन्मली असावी. परंतु पायरी चढावी की न चढावी, हे ठरवण्याची मुभा मोकळ्या माणसाला असते. ज्याला शिक्षा झाली आणि ज्याच्यामागे तुरुंगाचा दरवाजा बंद झाला, त्याला ती पायरी चढताच येत नाही. आपल्यावर अन्याय झाला आहे असे त्याला वाटत असेल, तर त्याच्याऐवजी त्याच्या कागदालाच ती पायरी चढावी लागते. वकील असेल तर कागदाची वाट सोपी होते. पण वकील नसेल तर? कागद लिहायचा कोणी? कोणत्या नमुन्यात? किती दिवसांच्या आत? फी कोठून आणायची? आणि तो टपालात कोण टाकणार? हे प्रश्न दिसायला रुक्ष आहेत. पण त्यांच्या उत्तरावर कुणाची तरी पाच, दहा, वीस वर्षे अवलंबून असतात. गेल्या शतकात अमेरिकेत आणि पुढे आपल्या महाराष्ट्रातही या प्रश्नांची उत्तरे कशी मिळत गेली, त्याचा हा इतिहास आहे.

बंदिवानाने वरच्या न्यायासनाकडे दाद मागणे ही गोष्ट तशी जुनी आहे. कैसरियात दोन वर्षे कैदेत असलेल्या संत पौलाने सुभेदार फेस्त याच्यासमोर उभे राहून कैसराकडे दाद मागितली, ही घटना ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच्या बाजूने बोलणारा वकील तेथे नव्हता. जे मागायचे ते त्याने स्वतःच्या तोंडाने मागितले. मात्र ही दाद मागण्याचा हक्क त्याला मिळाला तो रोमन नागरिक म्हणून. नागरिकत्व नसलेल्या, गरीब, नाव-गाव नसलेल्या कैद्याला ती वाट खुली नव्हती. अपिलाचा हक्क कागदावर असणे आणि तो दुबळ्यातल्या दुबळ्या माणसाच्या हाती येणे, या दोन गोष्टींमधील अंतर कापायला पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे लागली.

पहिला टप्पा १९४० सालचा. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या तुरुंगात हल नावाचा एक कैदी होता. त्याने आपल्या सुटकेसाठी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाला उद्देशून देहोपस्थितीचा अर्ज तयार केला आणि त्यावर साक्षांकन करून मिळावे म्हणून तो तुरुंगातील अधिकाऱ्याकडे नेला. अधिकाऱ्याने साक्षांकन नाकारले आणि हे कागद टपालातही घेतले जाणार नाहीत असे सांगितले. हलने ते भेटीस आलेल्या वडिलांच्या हाती दिले. पहारेकऱ्यांनी वडिलांकडून ते काढून घेतले. काही दिवसांनी त्याने न्यायालयाच्या प्रबंधकाला साधे पत्र लिहिले, तर ते पत्रही मध्येच अडवण्यात आले. अखेर त्याने दुसरा अर्ज लिहिला आणि तो कसाबसा वडिलांपर्यंत पोहोचवला. २६ डिसेंबर १९४० रोजी, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, त्या बापाने मुलाचा प्रतिनिधी म्हणून तो न्यायालयात दाखल केला.

तुरुंगाधिकाऱ्याने आपल्या वागणुकीच्या समर्थनार्थ एक नियम पुढे केला. कैद्याने लिहिलेला प्रत्येक कायदेशीर कागद आधी तुरुंगाच्या कार्यालयाने आणि नंतर पॅरोल मंडळाच्या कायदेविषयक अधिकाऱ्याने तपासावा. तो योग्य वाटला तरच न्यायालयाकडे धाडावा, असा तो नियम होता. वरवर पाहता यात काही वावगे नाही, असे कुणालाही वाटेल. निरर्थक कागदांनी न्यायालयाचा वेळ का घ्यावा? पण याचा खरा अर्थ असा की, ज्याने कैद्याला कोंडून ठेवले आहे त्यानेच कैद्याची तक्रार न्यायालयाने ऐकावी की नाही हे ठरवायचे. ३ मार्च १९४१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्दबातल ठरवला. अर्ज नीट लिहिला आहे की नाही, त्यात तथ्य आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार फक्त न्यायालयाचा आहे, तुरुंगाचा नाही, असा निर्वाळा न्यायमूर्ती मर्फी यांनी दिला. हलचा स्वतःचा अर्ज मात्र गुणदोषांवर फेटाळला गेला. तो तुरुंगातच राहिला. त्याच्यामुळे इतरांच्या कागदाला वाट मिळाली.

वाट मिळाली, पण वाटखर्चाचे काय? अमेरिकेत अपील करायचे तर खालच्या न्यायालयातील साक्षीपुराव्याची शब्दशः नोंद वरच्या न्यायालयापुढे ठेवावी लागे. ही नक्कल महाग असे. इलिनॉय राज्यात ती फुकट मिळे केवळ फाशीच्या कैद्याला. सशस्त्र दरोड्याची शिक्षा झालेल्या दोघांनी आपण निर्धन आहोत, आम्हांलाही ती विनामूल्य मिळावी अशी मागणी केली. ‘ग्रिफिन विरुद्ध इलिनॉय’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्याविरुद्ध निकाल दिला. माणसाला मिळणारा न्याय त्याच्या खिशातील पैशावर अवलंबून असेल तर तेथे समान न्याय नाही, हा त्या निकालाचा गाभा. तीन वर्षांनी ओहायो राज्यातील एका खटल्यात हेच तत्त्व अपिलाच्या दाखल-शुल्कालाही लागू झाले.

यानंतर येतो तो कागद, ज्याने सगळ्या अमेरिकेचा फौजदारी न्याय बदलून टाकला. तो शिसपेन्सिलीने लिहिलेला होता.

क्लॅरेन्स अर्ल गिडियन हा काही सज्जन म्हणून ओळखला जाणारा मनुष्य नव्हता. जन्म १९१० चा, शिक्षण आठव्या इयत्तेपलीकडे नाही, पोरवयात घर सोडलेले, चोरीच्या गुन्ह्यांत अनेकदा तुरुंग पाहिलेला. ३ जून १९६१ रोजी फ्लॉरिडा राज्यातील पनामा सिटी येथे बिलियर्डच्या एका अड्ड्यात घरफोडी झाली. काही नाणी आणि पेयांच्या बाटल्या गेल्या. संशयावरून गिडियनला पकडण्यात आले. ४ ऑगस्ट रोजी खटला उभा राहिला तेव्हा त्याने न्यायाधीशांना विनंती केली की, माझ्याजवळ पैसे नाहीत, मला वकील नेमून द्यावा. न्यायाधीशांनी खेद व्यक्त करून सांगितले की, या राज्याच्या कायद्याप्रमाणे फाशीची शिक्षा होऊ शकेल अशाच खटल्यात वकील देता येतो. गिडियनने मग स्वतःच आपला बचाव केला. साक्षीदारांना प्रश्न विचारले, ज्यूरीपुढे भाषण केले. त्याला जमेल तसे ते त्याने केले. पण कायद्याच्या आखाड्यात तो अनाडीच होता. ज्यूरीने त्याला दोषी ठरवले आणि न्यायाधीशांनी पाच वर्षांची शिक्षा सुनावली.

तुरुंगात गिडियनने कायद्याची पुस्तके चाळायला सुरुवात केली. प्रथम त्याने फ्लॉरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला. तो फेटाळला गेला. मग त्याने वॉशिंग्टनकडे मोर्चा वळवला. त्या काळी तेथील सर्वोच्च न्यायालयात अर्ज करायचा तर ठराविक आकाराच्या छापील चाळीस प्रती आणि शंभर डॉलर शुल्क द्यावे लागे. मात्र निर्धनांसाठी १८९२ च्या एका कायद्याने सवलत ठेवली होती. आपण निर्धन आहोत असे प्रतिज्ञापत्र जोडले की एकच प्रत, तीही हस्तलिखित, चालत असे आणि शुल्क माफ होई. गिडियनने पहिल्यांदा कागद पाठवले तेव्हा नेमके हे प्रतिज्ञापत्रच जोडलेले नव्हते. कागद परत आले. पण त्यांच्यासोबत न्यायालयाच्या कार्यालयाने नियमांची प्रत आणि प्रतिज्ञापत्राचा नमुनाही पाठवला. कागद नुसताच परत धाडला असता तर कदाचित गिडियनचे नाव आज कुणाला ठाऊक नसते. कचेरीतील कारकुनाने चूक कोठे आहे हे दाखवून देणे, एवढीशी गोष्ट. पण कित्येकदा इतिहास अशा एवढ्याशा गोष्टीवर वळतो.

८ जानेवारी १९६२ रोजी गिडियनचा अर्ज न्यायालयात पोहोचला. तुरुंगाच्या रेघी कागदावर, वर पत्रव्यवहाराचे तुरुंगाचे नियम छापलेले आणि खाली पेन्सिलीची काळजीपूर्वक काढलेली अक्षरे. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. आणखी मोठी गोष्ट म्हणजे त्याचा कायद्याचा मुद्दाही तेव्हाच्या निकालांप्रमाणे चुकीचा होता. निर्धन आरोपीला वकील मिळालाच पाहिजे असे न्यायालयाने ठरवलेले आहे, असे तो लिहीत होता. प्रत्यक्षात १९४२ च्या ‘बेट्स विरुद्ध ब्रेडी’ या निकालाने बरोबर उलटे सांगितले होते. काही खास परिस्थिती असेल तरच राज्याने वकील द्यावा, एरवी तशी सक्ती नाही, असा तो निकाल होता. तरीही न्यायमूर्तींनी तो अर्ज वाचला आणि ४ जून १९६२ रोजी सुनावणीस घेतला. गिडियनच्या बाजूने बोलण्यासाठी न्यायालयाने एब फोर्टस या नामांकित वकिलाची नेमणूक केली. विशेष म्हणजे बावीस राज्यांनी गिडियनच्या बाजूने आपले म्हणणे मांडले. फ्लॉरिडाच्या पाठीशी उभी राहिली ती अवघी दोन.

१८ मार्च १९६३ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की, गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपी निर्धन असेल तर त्याला वकील देणे राज्यावर बंधनकारक आहे. निकालपत्र न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले. १९४२ च्या निकालाला विरोध करणाऱ्या मोजक्या न्यायमूर्तींपैकी ते एक होते. एकवीस वर्षांनी त्यांचे तेच मत कायदा झाले. त्याच दिवशी ‘डग्लस विरुद्ध कॅलिफोर्निया’ या दुसऱ्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, हक्काच्या पहिल्या अपिलातही निर्धनाला वकील मिळाला पाहिजे. गिडियनचा खटला ५ ऑगस्ट १९६३ रोजी त्याच न्यायाधीशांपुढे पुन्हा चालला. या वेळी त्याच्या बाजूला वकील होता. त्या वकिलाने मुख्य साक्षीदाराची अशी काही उलटतपासणी घेतली की, घरफोडीत खुद्द त्या साक्षीदाराचाच हात असावा असा संशय ज्यूरीच्या मनात उभा राहिला. तासाभराच्या विचारविनिमयानंतर ज्यूरीने गिडियनला निर्दोष ठरवले. तेच न्यायालय, तोच आरोप, तोच आरोपी. फरक होता तो केवळ वकिलाचा. दोन वर्षे तुरुंगात काढून गिडियन बाहेर आला. १९७२ साली तो वारला.

गिडियनची कथा येथे संपवली तर ती गोड वाटेल. पण ती अपुरी राहील. डग्लस खटल्याने दिलेला वकील पहिल्या अपिलापुरताच होता. त्यापुढच्या, न्यायालयाच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या अपिलांत वकील मिळण्याचा घटनात्मक हक्क नाही, असे १९७४ साली ठरले. आणि शिक्षा कायम झाल्यानंतरच्या अर्जांतही तो नाही, असे १९८७ साली. म्हणजे हजारो कैदी पुन्हा आपल्या पेन्सिलीपाशी येऊन थांबले. तुरुंगात ज्याला थोडेफार वाचता-लिहिता येते, असा कैदी इतरांचे अर्ज लिहून देऊ लागला. टेनेसी राज्यात अशा एका कैद्याला १९६५ साली शिक्षेच्या कोठडीत टाकण्यात आले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तुरुंग दुसरी काही सोय करीत नसेल तर एका कैद्याने दुसऱ्याला अर्ज लिहून देण्यावर त्याला बंदी घालता येणार नाही. १९७२ साली आणखी एका निकालात सांगण्यात आले की, वकील नसलेल्याचा कागद वकिलाच्या कागदाच्या काट्याने तोलू नये; त्यातील आशय पाहावा. १९७७ साली कायद्याचे ग्रंथालय किंवा जाणकाराची मदत यांपैकी काहीतरी तुरुंगाने पुरवावे असे ठरले. १९९६ साली मात्र न्यायालयाने हात थोडा आखडता घेतला. ग्रंथालय अपुरे आहे एवढी तक्रार पुरेशी नाही, त्यामुळे आपले नेमके काय नुकसान झाले हे कैद्याने दाखवले पाहिजे, असे त्या साली सांगण्यात आले.

या सर्वांत मला सर्वाधिक विचार करायला लावणारा खटला आहे तो मुदतीचा. टेनेसीतीलच ह्यूस्टन नावाच्या कैद्याचा अर्ज केंद्रीय जिल्हा न्यायालयाने फेटाळला. अपिलाची नोटीस तीस दिवसांत दाखल व्हायला हवी होती. ह्यूस्टनजवळ वकील नव्हता. सत्ताविसाव्या दिवशी त्याने नोटीस तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडे टपालात टाकण्यासाठी दिली. तशी नोंद तुरुंगाच्या टपाल-वहीत होती. न्यायालयात तिच्यावर शिक्का पडला तो एकतिसाव्या दिवशी. एका दिवसाने उशीर झाला, सबब अपील नामंजूर. मोकळा माणूस स्वतः जाऊन कागद देऊ शकतो, टपाल पोहोचले की नाही याची चौकशी करू शकतो, गरज पडल्यास शेवटच्या दिवशी धावाधाव करू शकतो. कैद्याच्या हाती एकच गोष्ट असते; कागद तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती देणे. त्यानंतर तो कागद त्याच्या प्रतिपक्षाच्याच ताब्यात असतो. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, वकील नसलेल्या कैद्याने अपिलाची नोटीस ज्या दिवशी तुरुंगाधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली, त्याच दिवशी ती दाखल झाली असे समजावे. १९९३ साली हा निर्णय अपिलाच्या नियमांतच समाविष्ट झाला. कैद्याने मुदतीच्या आत कागद तुरुंगाच्या टपालात टाकला, आणि कोणत्या तारखेस टाकला व टपालखर्च भरला याचे सत्यकथन जोडले, की त्याच्यापुरते काम झाले.

आता आपल्याकडे वळू. भारतात कैद्याच्या कागदाला वाट कायद्यानेच पूर्वीपासून ठेवली होती. १८९८ च्या आणि नंतर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तरतूद होती की, तुरुंगात असलेल्या अपिलकर्त्याने आपला अर्ज तुरुंगाच्या प्रमुखाकडे द्यावा आणि त्याने तो योग्य त्या न्यायालयाकडे पाठवावा. यालाच ‘जेल अपील’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही वाट कायम आहे. १९७३ च्या संहितेने शिक्षा झालेल्यास निकालपत्राची नक्कल विनामूल्य देण्याचेही बंधन घातले. परंतु कायदा लिहिणे वेगळे आणि तो कोठडीपर्यंत पोहोचणे वेगळे, हे दाखवून दिले ते येरवड्याच्या एका प्रकरणाने.

खटला होता ‘एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. आरोपी अडाणी किंवा भुकेकंगाल नव्हता. विद्यापीठात अध्यापन करणारा सुशिक्षित मनुष्य होता. कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाबद्दल त्याच्यावर खटला झाला. मुंबईच्या सत्र न्यायालयाने न्यायालय उठेपर्यंतची कैद आणि दंड एवढीच शिक्षा दिली. १९७३ साली उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षांची सक्तमजुरी केली. सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज आला तो चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, शिक्षा पुरी भोगून झाल्यावर. उशीर का झाला? उच्च न्यायालयाने निकालाची नक्कल येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. आपल्याला ती मिळालीच नाही, असे कैद्याचे म्हणणे होते. आणि ती त्याला दिल्याची, त्याच्या सहीची पोच कोठेच नव्हती. नक्कल नाही म्हणून अपील नाही, अपील नाही म्हणून दाद नाही.

१७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी या प्रकरणात जे सांगितले, ते भारतातील प्रत्येक कैद्याच्या उपयोगाचे आहे. शिक्षा देताच न्यायालयाने निकालाची नक्कल फुकट द्यावी. ती तुरुंगामार्फत दिली जात असेल तर तुरुंगाने ती विनाविलंब कैद्याच्या हाती द्यावी आणि त्याची लेखी पोच घ्यावी. कैद्याला अपील करायचे असेल तर त्यासाठी लागणारी प्रत्येक सोय तुरुंगाने करावी. दारिद्र्यामुळे किंवा कुणाशी संपर्क नसल्यामुळे त्याला वकील करता येत नसेल, तर परिस्थितीनुसार न्यायालयाने त्याला योग्य वकील द्यावा. मात्र त्याची हरकत नसावी. त्या वकिलाचे शुल्क राज्याने भरावे. पोच घ्या, ही सूचना किती साधी! पण एका सहीच्या अभावी एका माणसाची चार वर्षे कशी गेली, हे पाहिले की तिचे मोल कळते. हलप्रमाणेच या अर्जदाराच्या पदरातही स्वतःसाठी काही पडले नाही. त्याचा अर्ज गुणदोषांवर फेटाळला गेला. पण त्याच्या मागून येणाऱ्यांची वाट रुंद झाली.

पुढे १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. तुरुंगात असलेल्या प्रत्येकाला, तो गरीब असो वा नसो, मोफत वकील मागण्याचा हक्क या कायद्याने दिला. तरीही २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, शिक्षा झालेल्या कैद्यांना अपिलाचा आणि मोफत वकिलाचा हक्क आहे हे त्यांना समजावून सांगितले जावे, आणि उच्च न्यायालयांनी निकालाच्या नकलेसोबतच ही माहिती देणारे पान जोडण्याचा विचार करावा. सेहेचाळीस वर्षांनीही हे सांगावे लागते, यातच सर्व आले.

आपल्यापैकी बहुतेकांचा तुरुंगाशी संबंध येत नाही, येऊ नये. पण ज्या कुटुंबावर ही वेळ येते, ते कुटुंब लाजेने गप्प बसते. शेजारी विचारत नाहीत, नातलग टाळतात, आणि तेवढ्यात मुदतीचे दिवस सरत जातात. म्हणून एवढे तरी प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. सत्र न्यायालयाकडे अपील करायचे तर सर्वसाधारणपणे तीस दिवसांची मुदत असते, उच्च न्यायालयाकडे साठ. फाशीच्या शिक्षेविरुद्ध मात्र तीसच. नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, आणि उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकते. निकालाची नक्कल फुकट मिळते. ती मिळाल्याची सही तारखेसह करावी. वकील नसेल तर अर्ज तुरुंगाधिकाऱ्याकडे द्यावा, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडे वकिलाची मागणी करावी.

गिडियन निर्दोष ठरला. हल आणि होस्कोट ठरले नाहीत. तरीही तिघांचा कागद ऐकला गेला, ही गोष्ट माझ्या दृष्टीने सारखीच महत्त्वाची आहे. दाद मागणारा प्रत्येक कैदी निरपराध असतो असे कुणीही म्हणणार नाही. पण तो निरपराध आहे की नाही हे ठरायचे तर आधी त्याचा कागद न्यायाधीशांच्या मेजावर पोहोचायला हवा. तुरुंगाच्या टपाल-वहीतील एक तारीख, पोचपावतीवरील एक सही, परत आलेल्या अर्जासोबत जोडलेला एक नमुना, एवढ्यावर ते अवलंबून असते. ही कामे कारकून करतात, पहारेकरी करतात, आपल्यातलीच माणसे करतात. आपल्या हातून जाणारा असा एखादा कागद कधी अडून राहू नये.